टक्कर की संथ कण?

ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकणारी मुलं विचारतात: सर्नमध्ये, म्हणजे जिनिव्हाजवळच्या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेत काम करायचं तर एलएचसीवर (प्रोटॉनांच्या टकरी घडवणाऱ्या महाकाय यंत्रावर) की प्रतिप्रोटॉनांवर (प्रोटॉनच्या उलट विद्युतभाराच्या जुळ्यांवर)?

एलएचसीचा बोगदा 27 किलोमीटरचा. 13.6 टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या टकरी, 2012 मध्ये इथेच सापडलेला हिग्ज बोसॉन हा कण. नवा जड कण शोधायचा तर हाच मार्ग. मात्र अॅटलास किंवा सीएमएस या तिथल्या प्रयोगांच्या शोधनिबंधावर हजारो नावं असतात.

प्रतिप्रोटॉनांचं काम उलट्या दिशेचं. इरिडियमवर प्रोटॉन आदळवून ते जन्माला घालायचे आणि मग आवरायचे, म्हणजे त्यांची ऊर्जा उतरवायची: आधी 5.3 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत, पुढे एलेना या वेग कमी करणाऱ्या यंत्राच्या जेमतेम 30 मीटर घेराच्या कड्यात 100 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत. सापळ्यात धरून ठेवायचे, कारण साध्या पदार्थाला भिडले की संपले. सर्नच्याच अल्फा प्रयोगाने 2023 मध्ये दाखवलं, प्रतिहायड्रोजनही (प्रतिप्रोटॉन आणि प्रतिइलेक्ट्रॉन मिळून बनलेला अणू) माडावरच्या नारळासारखा खालीच पडतो! आइनस्टाइनच्या सिद्धान्ताची ही अपेक्षा होतीच, पण प्रत्यक्ष पाहिलं कोणी नव्हतं.

प्रचंड विदा चाळण्याची, संगणकाची आवड असेल तर एलएचसी. निर्वात नळ्या, लेसर, चुंबक स्वतः हाताळायचे असतील तर मी निःसंकोच प्रतिप्रोटॉन सांगेन. तिथले गट लहान, आणि विश्वात प्रतिपदार्थ इतका कमी का, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.