प्रोसायकलिंगस्टॅट्स: बेरीज सोडा, ओळी वाचा

दोन सायकलपटूंचे हंगाम शेजारी ठेवून बघायचे असतील, तर प्रोसायकलिंगस्टॅट्स या सायकल शर्यतींच्या निकालांच्या संकेतस्थळाइतकी चांगली सोय मला दुसरी सापडलेली नाही. निकाल बघायला पैसे पडत नाहीत. तक्ते रुंद आहेत, त्यामुळे फोनपेक्षा संगणकावर उघडा.

प्रत्येक खेळाडूच्या पानावर वर्षवार तक्ता असतो. तारीख, क्रमांक, शर्यत, अंतर आणि शेवटी गुण. गुण दोन प्रकारचे: एक या संकेतस्थळाचे स्वतःचे, दुसरे यूसीआय या जागतिक संघटनेचे. बहुतेक जण थेट गुणांच्या बेरजेवर जातात. माझा धाकटा भाऊ त्यातलाच. "ताई, पोगाचार पहिला, विषय संपला!" स्लोव्हेनियाच्या या सायकलपटूबद्दल 2024 पुरतं ते खरंही आहे. पण तो पहिला कसा आला, ते बेरीज सांगत नाही. ते ओळींत आहे, आणि मी जिल्हा बँकेत दिवसभर खातेउतारे तपासत असल्याने मला ओळी वाचल्याशिवाय चैन पडत नाही.

पोगाचारचे त्या वर्षीचे विजय 25. मांडून बघा: स्त्रादे ब्यांके 1, कातालुन्याचे चार टप्पे आणि एकूण विजेतेपद मिळून 5, लिएज 1, इटलीतल्या तीन आठवड्यांच्या जिरोचे सहा टप्पे आणि एकूण मिळून 7, तूर द फ्रान्सचेही तसेच 7, मग माँट्रियल, झ्युरिकची जागतिक स्पर्धा, एमिलिया आणि लोंबार्दिया प्रत्येकी 1. अनेक दिवसांच्या शर्यतीत रोजचा टप्पा वेगळा आणि एकूण विजेतेपद वेगळं धरलं जातं, हे माहीत नसेल तर 25 म्हणजे पंचवीस शर्यती असं वाटतं. न जिंकलेले टप्पे सोडून फक्त एकदिवसीय शर्यती आणि एकूण क्रमांक बघितले, तर मिलान-सान रेमोत तिसरा आणि क्वेबेकला सातवा, एवढे दोनच निकाल पहिल्या क्रमांकाबाहेरचे. हे सगळं साठहून कमी दिवसांच्या शर्यतींत! एखाद्या माणसाचा हंगाम इतका दाट असू शकतो, हे तक्ता वरून खाली वाचल्याशिवाय अंगावर येत नाही.

आता डेन्मार्कच्या विंगेगोरचं 2024 उघडा. फेब्रुवारीत स्पेनमधल्या ओ ग्रान कामिन्यो या लहान शर्यतीचे तीन टप्पे आणि विजेतेपद, मार्चमध्ये तिरेनो-अद्रियातिको. मग 4 एप्रिल, बास्क प्रांतातली इत्सुलिया. उतारावर गट कोसळला. विंगेगोरचं गळ्याचं हाड आणि बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला इजा झाली. बेल्जियमच्या एव्हनपूलचंही गळ्याचं हाड मोडलं. स्लोव्हेनियाच्या रोग्लिचनेही शर्यत सोडली. तिघांच्याही पानांवर त्या तारखेला तेच "डीएनएफ", म्हणजे शर्यत अर्धवट. त्यानंतर विंगेगोरच्या तक्त्यात थेट 29 जून, म्हणजे तूरचा पहिला दिवस. मधले जवळजवळ तीन महिने कोरे. आणि 10 जुलैला ल लियोराँच्या टप्प्यावर आधी एकटा पुढे गेलेल्या पोगाचारला गाठून, शेवटच्या धडाक्यात त्याला मागे टाकून मिळवलेला "1". कामिन्योचा 1 आणि हा 1 तक्त्यात सारखेच दिसतात. फरक समजायला शर्यतीच्या पानावर जा. तिथे कोण कोण उतरले होते त्यावरून काढलेला दर्जाचा आकडा आणि रस्त्याच्या चढउताराचा आकडा दिलेला असतो. मला या सेवेतलं सर्वांत मोलाचं हेच वाटतं.

यूसीआयचे गुण मात्र जपून वाचावेत. 2024 च्या नियमांनुसार तूर जिंकणाऱ्याला 1300, मॉन्युमेंट म्हणजे पाच जुन्या मोठ्या एकदिवसीय शर्यतींपैकी एक जिंकली तर 800. नेदरलँड्सच्या व्हान डर पूलने त्या वर्षी त्यातल्याच फ्लँडर्स आणि रूबे लागोपाठच्या रविवारी जिंकल्या, म्हणजे 1600. तीन आठवडे घाट चढणाऱ्यांपेक्षा जास्त? भावाला हे पटत नाही. मला पटतं, कारण एकदिवसीय शर्यतीत आज चुकलं तर उद्या भरून काढता येत नाही. मला खटकतं ते वेगळंच. तूरचा टप्पा 210 गुणांचा. त्याच वर्षी ब्रिटनच्या कॅव्हेंडिशने वयाच्या 39 व्या वर्षी तूरमधला आपला 35 वा टप्पा जिंकून बेल्जियमच्या मर्क्सचा 34 टप्प्यांचा जुना विक्रम मोडला, तेव्हा त्यालाही 210 च. नियम म्हणून बरोबरच आहे, पण बेरजेवरून हंगाम जोखणाऱ्याला ती ओळ कधी दिसणारच नाही.

समोरासमोरची तुलनाही आहे, दोघे उतरलेल्या शर्यतींत कोण किती वेळा पुढे राहिला याची. रोग्लिच आणि एव्हनपूलसारख्यांसाठी ती फार उपयोगी नाही, कारण 2024 मध्ये रोग्लिचने वुएल्टा ही स्पेनची तीन आठवड्यांची शर्यत चौथ्यांदा जिंकली, तर एव्हनपूलने पॅरिसमध्ये ऑलिंपिकची दोन सुवर्णं घेतली. मोठं यश वेगवेगळ्या वाटांवरचं.

महिलांचे तक्तेही तितक्याच तपशिलाने दिलेत, याचं मला मनापासून समाधान आहे. नेदरलँड्सच्या डेमी व्होलेरिंगचा 2024 बघाच. वुएल्टा, इत्सुलिया, बुर्गोस, स्वित्झर्लंड, चारही एकूण विजेतेपदं तिची. मग ऑगस्टमध्ये तूर द फ्रान्स फाम, म्हणजे महिलांची तूर, आणि तिथे "2". एकूण आघाडीची पिवळी जर्सी अंगावर असताना पाचव्या टप्प्यात ती पडली, पावणेदोन मिनिटांहून जास्त गमावली, शेवटच्या दिवशी आल्प द्युएझवर जिंकली, तरी कासिया न्येवियादोमाच्या चार सेकंद मागे राहिली. खेळाडूच्या तक्त्यात ते चार सेकंद नाहीत, शर्यतीच्या पानावर जाऊन पाहावे लागतात. वेळेच्या फरकाचा एक रकाना तिथेच वाढवला, तर मी आनंदाने पाचपैकी पाच देईन. सध्या साडेचार.