गॅलेनाचे, म्हणजे शिशाच्या खनिजाचे, दाणे वेचून हवेत? नागपुरात बर्डीवरची ही लॅब चांगली, पण फोन करूनच जा

माझ्याकडे राजस्थानातल्या झावरचे शिसे-जस्ताचे नमुने होते, डोलोमाइट या चुनखडीसारख्या खडकातले. शिशाचे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) मोजायला पाठवण्याआधी दळून, त्यातलं गॅलेना वेगळं करून हवं होतं.

इथली सफाई पाहून मी खूश. पितळी चाळणी त्यांनी काढलीच नाही, नायलॉनची वापरली. पितळेत शिसं असू शकतं, त्याचा कण लागला तर मोजणार काय, खनिज की चाळणी? मग सूक्ष्मदर्शकाखाली लॅबमधल्या काकूंनी चिमट्याने एकेक चकचकीत घनाकृती दाणा उचलला. तांबूस स्फॅलेराइट (जस्ताचं खनिज) चिकटलेला प्रत्येक दाणा बाजूला. एवढा धीर माझ्यात नाही बुवा.

हे सगळं कशासाठी, तर शिशाचे 206 आणि 207 हे समस्थानिक युरेनियमच्या किरणोत्सारी क्षयातून वाढतात, 208 थोरियमच्या; 204 मात्र वाढत नाही. गॅलेनात युरेनियम जवळपास नसतंच, म्हणून धातुक (धातू मिळणारा खनिजसाठा) तयार झालं तेव्हाचं प्रमाण तिथेच गोठतं. त्यावरून शिसं पृथ्वीच्या कवचातल्या जुन्या खडकांतून आलं की त्याखालच्या प्रावरणातून, याचा अंदाज बांधता येतो. गंधकाचे समस्थानिक सोबत असले तर आणखी बरं, कारण शिसं आणि गंधक एकाच ठिकाणाहून आलेले असतीलच असं नाही.

तक्रार एकच: सांगितलेल्या तारखेला काम तयार नव्हतं आणि कोणी कळवलंही नाही. बर्डीवर गाडी लावायला जागा मिळत नाही ते वेगळंच. बाटल्यांवर नमुना क्रमांक तेवढा नीट लिहून घ्या. पाचपैकी चार.