केस कापायची कात्री, सात महिन्यांनंतर: पोलाद पास, स्क्रू नापास

साडेपाच इंची, ४४०-सी पोलाद, किंमत १,८५० रुपये. बाकीचं खोक्यावर छापलेलं आहे. खरेदीमागचा हिशेब सरळ होता: पार्लरमध्ये साध्या ट्रिमला ३५० रुपये, दर आठ आठवड्यांनी, घरातली दोन डोकी. तिसऱ्या फेरीला कात्रीचे पैसे वसूल.

पहिले दोन महिने हिला पाच तारे होते. तिसऱ्या महिन्यात दोन झाले. आता चार आहेत. या चढउताराला जबाबदार एकच वस्तू: दोन पाती जोडणारा तो एवढासा स्क्रू.

हा स्क्रू सैल झाला की नडतो तो बारीक केसांना. केस बारीक म्हणजे संख्येने कमी असं नव्हे, एकेक तार बारीक. जाड केस ८० ते १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, बारीक केस ५०-६०चा. पात्यांमध्ये किंचित फट राहिली तरी जाड केस अडतो आणि कापला जातो. बारीक केस त्याच फटीत आडवा होतो, दुमडतो आणि चावल्यासारखा तुटतो. उघड्या डोळ्यांना तेव्हा काहीच दिसत नाही. दोन-तीन आठवड्यांनी टोकाला पांढरट ठिपका दिसतो, मग तिथूनच फाटे फुटतात. आपण म्हणतो, टोकं खराब झाली, अजून कापा. पुन्हा त्याच सैल कात्रीने! वेणीची उंदराची शेपटी होते आणि दोष जातो तेलाला, शाम्पूला, नाहीतर पाण्याला. तिसऱ्या महिन्यात पोलादच हलकं आहे असं ठरवून तारे कापले होते, ते चुकलं. पोलाद चांगलं आहे. स्क्रू उघडझाप करताना हळूहळू सैल होतो, आणि तो घट्ट करायची चावी खोक्यात दिलेलीच नाही.

ताण, म्हणजे स्क्रू किती घट्ट आहे ते, तपासायला अर्धं मिनिट लागतं. सांध्यातले केस पुसून काढा. एका हाताने एक कडी धरून कात्री आडवी ठेवा, दुसरी कडी उचलून पाती काटकोनात उघडा आणि सोडा. पातं निम्म्याहून थोडं जास्त मिटून थांबलं तर ताण बरोबर. खटकन पूर्ण मिटलं तर सैल, जागचं हललंच नाही तर फार घट्ट. घट्ट कात्रीने पाती एकमेकांवर घासून धार लवकर जाते आणि अंगठा दुखतो तो वेगळाच. स्क्रू फिरवायचा तो पाव फेऱ्याहून कमी, मग पुन्हा तपासायचं. नंतर टिश्यू पेपर ओला करून पिळा आणि कापून बघा. टोकापर्यंत स्वच्छ कापला पाहिजे. ताण बरोबर असूनही एकाच जागी दुमडत असेल तर तिथे पात्याला खाच पडली आहे. सगळीकडे दुमडत असेल तर धार गेली.

कंपनीला चावीबद्दल विचारलं तर उत्तर आलं की स्क्रू हा ‘वापराने झिजणारा भाग’ आहे, वॉरंटीत बसत नाही. स्क्रू नको होता हो, चावी हवी होती. चार ईमेलनंतर त्यांनी धार लावून देण्याची सेवा सुचवली, ६०० रुपये आणि कुरिअर आपल्या खर्चाने. कात्रीच्या एक तृतीयांश किमतीत न मागितलेली धार! शेवटी पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत बरोबर मापाचा चपटा पेचकस ४० रुपयांत मिळाला आणि प्रकरण मिटलं. जाताना कात्री सोबत न्या, स्क्रूच्या खाचेत बसवून बघूनच घ्या. रुंद पेचकस निसटला तर पात्यावर ओरखडा पडतो.

धारेवरून आठवलं. गल्लीत सायकलवर येणाऱ्या धारवाल्याला ही कात्री देऊ नका. तो स्वयंपाकघरातल्या कात्रीला झकास धार लावतो, पण केसांच्या कात्रीची पाती आतून किंचित पोकळ घासलेली असतात आणि कडा बाहेरून गोलसर असते. फिरत्या दगडावर हा आकार सपाट होतो, तो सहसा परत येत नाही. हिने दुधाची पिशवी, धागा, कागद काहीही कापायचं नाही. घरात हा नियम पाळला जाणं धारेपेक्षा अवघड. वापरून झाल्यावर सुती कापडाने पुसा, सांध्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाका.

आता कापणं. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे आठ आठवड्यांत अडीच. त्यातलं अर्धा सेंटिमीटर कापलं तरी दोन शिल्लक राहतात, लांबी वाढतेच. बारीक केसांना कट सरळच हवा. लेयर्स, स्टेप, रेझर यांनी टोकापर्यंत पोचणारे केस कमी होतात आणि टोक विरळ दिसतं. पीळ घालून बाहेर आलेली टोकं टिपायची युक्तीही याच कारणासाठी नको, त्यात मधल्या लांबीवर भलतेच केस कापले जातात. दोन भाग पुढे घेऊन स्वतःच कापलं तर मागच्या मध्यावरचे केस लांब राहतात आणि खाली टोकदार आकार येतो, तिथे पुन्हा शेपटी. कात्री घरातल्या दुसऱ्याच्या हातात द्या. मान सरळ, केस किंचित ओलसर, बारीक दातांच्या कंगव्याने खाली विंचरलेले. चिंब ओले नकोत, ओला केस ताणला जातो आणि वाळल्यावर अंदाजापेक्षा वर चढतो. एका वेळी पात्याच्या टोकाने एक सेंटिमीटर रुंदीएवढंच कापा. पूर्ण पातं मिटवलं की केसांची जुडी पुढे सरकते आणि रेघ तिरकी येते.

तेल, पाणी वगैरेंवर इतरांनी भरपूर लिहिलंय. खोबरेल धुण्याआधी लावलं तर केसातलं प्रथिन कमी निघून जातं, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं आहे. बारीक केसांना मात्र टोकाला चार-सहा थेंब पुरतात. वाटीभर चोपडलं तर ते काढायला दोनदा शाम्पू लागतो आणि कमावलेलं तिथेच जातं. खडकवासला धरणाचं पाणी त्यामानाने हलकं आहे. टँकर किंवा बोअरचं जड पाणी असेल तर तीन-चार आठवड्यांतून एकदा ईडीटीए (जड पाण्यातले क्षार धरून ठेवणारं रसायन) असलेला शाम्पू वापरा आणि शेवटचा एक तांब्या फिल्टरच्या पाण्याचा घ्या. दुचाकीवर स्कार्फ-हेल्मेटखाली डोकं सुरक्षित राहतं, पण बाहेर लोंबणारी टोकं वाऱ्यात एकमेकांवर आपटून गुंततात. वेणी घालून ती जॅकेटच्या आत टाका.

एक तारा चावीसाठी कापला आहे, तो परत मिळणार नाही. १,८५० रुपयांच्या वस्तूबरोबर ४० रुपयांचा तुकडा देता येत नसेल, तर त्या मखमली पाकिटाचं तरी काय करायचं? त्यात आता तो पेचकसच ठेवला आहे.