नागपूर विद्यापीठ: शिक्षणाचा परिसर आणि राहण्याची सोय

माझी मुलगी राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात रसायनशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. तिच्या निमित्ताने तेथील परिसर आणि राहण्याच्या सोयी जवळून पाहता आल्या, आणि बाहेरगावच्या पालकांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहे.

हिस्लॉप आणि मॉरिस ही महाविद्यालये शहरात एकोणिसाव्या शतकातच सुरू झाली होती, पण नागपूरला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते ४ ऑगस्ट १९२३ रोजी, ६ महाविद्यालये आणि ९२७ विद्यार्थ्यांसह. सर बिपिनकृष्ण बोस हे पहिले कुलगुरू. पुढे याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातून १९८३ मध्ये अमरावतीचे आणि २०११ मध्ये गडचिरोलीचे विद्यापीठ वेगळे झाले. तुकडोजी महाराजांचे नाव २००५ मध्ये देण्यात आले, आणि ज्या संताने आयुष्यभर खेड्यांसाठी काम केले त्याच्या नावाच्या विद्यापीठात आमच्यासारख्या खेड्यातल्या मुली शिकतात, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

नव्याने येणाऱ्यांनी एक गोष्ट आधी समजून घ्यावी: हे विद्यापीठ एका कुंपणाच्या आत नाही. भूगर्भशास्त्र विभाग लॉ कॉलेज चौकात आहे, तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र असे अनेक विभाग पुढे अमरावती मार्गावरील महात्मा जोतिबा फुले शैक्षणिक परिसरात आहेत. हा परिसर प्रशस्त आहे. जानेवारी २०२३ मध्ये भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०८वे अधिवेशन येथेच भरले होते. कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या दानातून १९४२ मध्ये उभी राहिलेली तंत्रज्ञान संस्था मात्र २०२३ पासून स्वतंत्र विद्यापीठ झाली आहे, हे अनेक पालकांना अजून ठाऊक नसते.

म्हणून विभाग कोठे भरतो ते पाहूनच खोली ठरवावी. विद्यापीठाची मुलामुलींसाठी वसतिगृहे आहेत. प्रवेश निश्चित होताच तेथे अर्ज करावा. आम्ही उशीर केला आणि घाईत, मेट्रो जवळ आहे एवढ्यावरच, एक खासगी वसतिगृह घेतले. मेट्रो अंबाझरीच्या बाजूने जाते, अमरावती मार्गाने नाही, त्यामुळे स्थानकावरून पुन्हा ऑटो करावाच लागे. त्यातच एप्रिलमध्ये पाणी एकच वेळ येऊ लागले, कूलरचे वेगळे पैसे मागितले गेले, आणि ऐन परीक्षेत मेस बंद राहिली. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो; कूलर आणि त्यात भरायला पाणी या तेथे चैनीच्या गोष्टी नव्हेत.

आता ती रविनगरला दोन मैत्रिणींसह भाड्याच्या खोलीत राहते. तेथून विभागात जाणे सोपे पडते आणि घरगुती डबाही मिळतो. या वेळी अनामत रक्कम, विजेचे दर आणि पाण्याच्या वेळा आम्ही घरमालकांकडून आधीच लिहून घेतल्या.