जुना व्हीसीआर विकत घेताय? आधी झाकण उघडायला सांगा

घरात लग्नाच्या, मुंजीच्या, बारशाच्या व्हीएचएस कॅसेट पडून असतील आणि त्या खराब होण्याआधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या म्हणून तुम्ही ‘सर्व्हिस केलेला’ व्हीसीआर, म्हणजे त्या कॅसेट चालवणारं मशीन, शोधत असाल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. माझे साडेबारा हजार रुपये गेले. त्याचा राग आहेच. पण त्या मशीनने दादाच्या लग्नाच्या कॅसेटचा जो भाग चावून टाकला, तो कितीही पैसे मोजले तरी परत मिळणार नाही. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून लिहिते आहे.

आमचं घर चिपळूणचं. धाकटे काका मस्कतला नोकरीला होते, ते १९८६ साली सुट्टीवर येताना व्हीसीआर घेऊन आले. ओमानमध्येही आपल्यासारखीच टीव्हीची पाल पद्धत आणि वीजही २४० व्होल्टची, त्यामुळे तो इथे काही न बदलता चालला. आमच्याकडच्या पावसाळ्यात त्याचा ‘ड्यू’चा दिवा लागायचा. आत दमट झालं की मशीन स्वतःहून थांबायचं, आतल्या फिरत्या ड्रमला ओल आली की टेप चिकटते, ती चिकटू नये म्हणून. मग ते तसंच चालू ठेवून आतला ओलावा सुकेपर्यंत सगळे थांबायचे. इतक्या वर्षांत त्याचे बेल्ट बदलले, आयडलरचं रबर बदललं, पिंच रोलर बदलला, टेपवरचं चित्र वाचणारं हेड स्पिरिटने साफ करून घेतलं. कॅसेट मात्र त्याने एकही खाल्ली नाही. हे मुद्दाम सांगते, कारण ‘जुनी मशीनं अशीच असतात हो’ हे वाक्य मला नंतर फार ऐकवलं गेलं. नीट ठेवलेला व्हीसीआर असा नसतो.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं त्यात तो गेला. कॅसेट माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. आजी गेली, काका गेले, आणि ती माणसं बोलताना-चालताना दिसतील अशी जागा त्या कॅसेटशिवाय दुसरी उरली नाही. म्हणून मी पुण्यात दुसरा व्हीसीआर शोधायला लागले.

ऑनलाइन जाहिरातींतून एक विक्रेता सापडला. नाव लिहीत नाही. जाहिरातीत होतं: नवीन हेड, पूर्ण सर्व्हिस, हाय-फाय, मल्टीसिस्टिम, सहा महिने गॅरंटी. हाय-फाय म्हणजे जास्त चांगला, डावा-उजवा आवाज आणि मल्टीसिस्टिम म्हणजे वेगवेगळ्या देशांच्या पद्धतीच्या कॅसेट चालणं. फोनवर माणूस अगदी आपुलकीने बोलला. म्हणाला, “ताई, जगात आता व्हीसीआर कोणीच बनवत नाही. शेवटची कंपनी २०१६ मध्ये बंद झाली. आहेत ते संपले की संपले.” यातला गाभा खरा आहे. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआरचं उत्पादन थांबवलं आणि व्हीसीआर बनवणारी ती शेवटची मोठी कंपनी होती. फसवणारा माणूस असाच बोलतो. पहिलं वाक्य खरं असतं, म्हणून पुढच्या तीन वाक्यांवर आपण विश्वास ठेवतो.

त्याच्याकडे गेले तेव्हा टेबलावर मशीन जोडून तयार होतं. त्याने स्वतःची कॅसेट लावली. चित्र लख्ख, एकसुद्धा मुंगी नाही. मी माझी कॅसेट पुढे केली तर म्हणाला, “कोकणातली आहे ना? बुरशी असणार. नवीन हेड खराब होईल, मी लावू देणार नाही.” झाकण उघडून दाखवा म्हटलं तर स्क्रूवर चिकटवलेल्या स्टिकरकडे बोट दाखवलं: सील तुटलं की गॅरंटी संपली. दोन्ही उत्तरं ऐकायला पटण्यासारखीच होती. बुरशीने हेड खराब होतं ही गोष्ट खोटी नाही, आणि दुकानदार सील लावतातच.

घरी आणल्यावर मी आधी बाजारातल्या जुन्या सिनेमांच्या कॅसेट लावून पाहिल्या. चित्राच्या तळाशी एक थरथरती पट्टी दिसत होती. चित्र जुळवायचं ट्रॅकिंगचं बटण फिरवलं की थोडी कमी व्हायची, पण जायची नाही. बाकी मशीन चालत होतं, आवाज येत होता, कॅसेट आत-बाहेर नीट होत होती. काही संध्याकाळी असं सुरळीत चालल्यावर मी दादाच्या लग्नाची कॅसेट लावली.

मंगलाष्टकं झाली, पंगती झाल्या. घास भरवताना वहिनीने उखाणा घेतला आणि मग सगळ्यांनी आजीला आग्रह केला. आजी पदर सावरून उभी राहिली तेवढ्यात आवाज खाली-वर व्हायला लागला, चित्र फाटलं आणि मशीन थांबलं. कॅसेट बाहेर काढली तर मागे टेपचा गुंता आतच अडकलेला.

फोन केला तर आपुलकी संपलेली होती. “तुमच्या कॅसेटला बुरशी होती, तुम्ही हेड घालवलंत. नवीन हेडचे साडेचार हजार होतील. गॅरंटीत हेड येत नाही.” म्हणजे ज्या नवीन हेडच्या नावावर मशीन विकलं, तेच गॅरंटीत नव्हतं. मी एक रुपयाही दिला नाही. मशीन आणि अडकलेली टेप तशीच उचलून पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजाराच्या, तपकीर गल्लीच्या, बाजूला काम करणाऱ्या एका वयस्कर मेकॅनिककाकांकडे नेली. आयुष्यभर त्यांनी हेच काम केलं आहे. त्यांनी माझ्यासमोर झाकण काढलं आणि एकेक गोष्ट दाखवली. ती जशीच्या तशी सांगते, कारण सगळी फसवणूक त्या झाकणाखाली होती.

आधी टेप का अडकली ते. व्हीसीआरमध्ये टेप पुढे ढकलण्याचं काम पिंच रोलर आणि त्याच्या शेजारची धातूची काडी करतात, सेकंदाला साधारण २३ मिलिमीटर या बेताने. पुढे आलेली टेप दुसऱ्या रिळावर गुंडाळून घ्यायचं काम आयडलर नावाच्या छोट्या चाकाचं. त्याच्यावर रबराची कडी असते. ती कडक, गुळगुळीत झाली की चाक घसरतं, रीळ फिरत नाही, आणि पुढे ढकललेली टेप मशीनच्या पोटात साचत जाते. माझ्या मशीनमधली कडी जुनीच होती. ती पॉलिशपेपरने खरडून तिच्यावर काहीतरी चिकट फासलेलं होतं. अशाने रबराला थोडे तास पकड येते आणि मग ते पहिल्यापेक्षा जास्त घसरतं. गिऱ्हाइकासमोर तासभर चालावं आणि घरी गेल्यावर बंद पडावं, एवढ्याचसाठी केलेलं हे काम आहे. आणि काकांनी लगेच पुढचं सांगितलं: ही टेप अशी अडकण्याचा आणि बुरशीचा काडीचाही संबंध नाही. बुरशीने हेड चोंदतं, चित्रात मुंग्या येतात. आयडलरचं रबर घसरत नाही.

मग हेड. त्यांनी ते स्पिरिटने साफ केलं आणि एक चांगली कॅसेट लावली. नुसती घाण असती तर चित्र लख्ख यायला हवं होतं. आलं नाही. हेड झिजलेलं होतं, म्हणजे मुळात जुनंच. ‘हाय-फाय’ हे अक्षर पुढच्या बाजूला चिकटवलेलं निघालं. आत ड्रमवर हाय-फाय आवाजासाठी लागणारी वेगळी हेड नव्हती आणि मागे डाव्या-उजव्या आवाजाची दोन भोकंही नव्हती, एकच होतं. हे तर झाकण न उघडताही बघता येतं.

पण मला खरा धक्का बसला तो तिसऱ्या गोष्टीने. असं हेड असताना दुकानात चित्र इतकं लख्ख दिसलं कसं? काकांनी टेपच्या वाटेवरच्या दोन खांबांकडे बॅटरी मारली. त्यांना गाईड म्हणतात. कारखान्यात त्यांची उंची बसवल्यावर स्क्रूवर रंगाचा ठिपका लावतात, तो इथे तुटलेला होता. कोणीतरी गाईड फिरवले होते. हे किती नाजूक काम आहे पाहा. हेडचा ड्रम मिनिटाला १,५०० फेऱ्या फिरतो आणि अर्धा इंच रुंद टेपवर तिरप्या रेघा वाचतो. एकेक रेघ मिलिमीटरच्या जेमतेम विसाव्या भागाएवढी. गाईड केसभर वर-खाली झाले तर हेड रेघेवरून घसरतं, म्हणूनच माझ्या चित्राच्या तळाशी ती पट्टी थरथरत होती. मात्र त्याच बिघडलेल्या मशीनवर काही रेकॉर्ड केलं, तर रेघाही तितक्याच वाकड्या उमटतात आणि त्याच मशीनवर ते रेकॉर्डिंग चांगलं दिसतं. शिवाय नव्या टेपवर नुकतंच भरलेलं असलं तर थकलेलं हेडसुद्धा वेळ मारून नेतं. विक्रेत्याने लावलेली कॅसेट त्याच मशीनवर भरलेली असणार, असं काकांचं म्हणणं, आणि मला ते शंभर टक्के पटलं. म्हणून तर त्याने माझी कॅसेट आत जाऊ दिली नाही. बुरशीचं नुसतं निमित्त.

आमच्या बाकीच्या कॅसेट काकांनी कॅसेटवरच्या पारदर्शक खिडकीतून बॅटरी मारून तपासल्या. बुरशी असती तर रिळाच्या कडेवर पांढरी भुकटी किंवा पांढरट वर्तुळं दिसली असती. दोनच कॅसेटवर ती होती आणि त्या मी लावल्याच नव्हत्या. दादाच्या लग्नाची टेप स्वच्छ होती.

गुंता त्यांनी हाताने, घाई न करता सोडवला. टेपची जाडी मिलिमीटरचा पन्नासावा भाग, ओढली तर ताणते. फाटलेला भाग कापून उरलेली टेप जोडली. आजूबाजूचा भाग चुरगळला आहे आणि त्यातही कडा गेल्या आहेत. साध्या आवाजाचा पट्टा टेपच्या एका कडेला असतो आणि चित्र जागेवर धरून ठेवणाऱ्या खुणा दुसऱ्या कडेला. म्हणून मधलं चित्र शाबूत असलं तरी कडा दुमडली की आवाज तरी जातो नाहीतर चित्र पळायला लागतं. आमचे दोन्ही गेले. आजी उभी राहिलेली दिसते, पुढे मुंग्या, आणि मग सगळे हसताहेत. मधला उखाणा नाही. त्या वेळच्या शूटिंगवाल्याचा स्टुडिओ केव्हाच बंद झाला आहे, दुसरी प्रत कोणाकडे नाही.

तुम्ही मशीन घ्यायला जाल तेव्हा टाकून द्यायला हरकत नाही अशी एखादी जुनी, स्वच्छ कॅसेट स्वतःची न्या, शक्यतो कंपनीने भरलेल्या सिनेमाची. ती लावू देत नसेल तर तिथून उठा, कारण कोणतंही असो. लावू दिली तर नुसती सुरुवात पाहू नका. कॅसेट शेवटापर्यंत पळवा आणि शेवटची दहा मिनिटं बघा. तेव्हा भरलेल्या रिळाचं वजन आयडलरवर येतं आणि घसरणारं रबर तिथे उघडं पडतं. मशीन तासभर तापू द्या, मग कॅसेट चार-पाच वेळा आत-बाहेर करा. बाहेर आल्यावर पुढची झडप उचलून टेपची कडा बघा, सुरकुती दिसली तर ते मशीन तुमच्या घरी नको. आणि झाकण उघडायला सांगाच. सील विक्रेत्याचं आहे, त्याने तोडावं आणि तुमच्यासमोर नवीन लावावं. रबर नवीन आहे का, गाईडच्या स्क्रूवरचा रंग शाबूत आहे का, हे दोन मिनिटांत दिसतं. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या कॅसेट असतील तर त्यातली एक बरोबर न्या. त्या आपल्या पालपेक्षा वेगळ्या, एनटीएससी पद्धतीच्या असतात आणि ‘मल्टीसिस्टिम’ हा शब्द जाहिरातीत फुकट लिहिता येतो.

सगळं ठीक निघालं तरी जिची दुसरी प्रत नाही ती कॅसेट सगळ्यात शेवटी लावा. बऱ्याच नको असलेल्या कॅसेट त्या मशीनवर पूर्ण चालवून झाल्यावर. आणि ती पहिल्यांदा चालेल तेव्हाच कॉम्प्युटरवर उतरवली जाईल अशी सगळी जोडणी आधी करून ठेवा. नुसतं बघायला म्हणून लावू नका.

विक्रेत्याने मला जीएसटी क्रमांक नसलेली हाताने लिहिलेली चिठ्ठी दिली होती. पण पैसे यूपीआयने गेले होते आणि ‘नवीन हेड, सहा महिने गॅरंटी’ हे त्याने व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलेलं होतं. या दोन गोष्टी जपून ठेवा, त्या कामी येतात. मी आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि मग वकिलांमार्फत नोटीस पाठवली. तेव्हा तो पाच हजार परत द्यायला आणि वर ‘दुसरं चांगलं मशीन’ द्यायला तयार झाला. मी नाही म्हटलं. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि मेकॅनिककाकांनी मशीनमध्ये काय काय सापडलं ते सहीनिशी लिहून दिलं, ते कागदपत्रांत जोडलं आहे.

निकाल अजून लागलेला नाही. दरम्यान त्याची जाहिरात वेगळ्या नावाने पुन्हा आली आहे. फोटोत तेच टेबल आहे, मजकूर शब्दशः तोच: नवीन हेड, पूर्ण सर्व्हिस, हाय-फाय, मल्टीसिस्टिम, सहा महिने गॅरंटी. पुण्यात शोधत असाल तर तुमच्यासमोर ती येईलच.