कॉट्सवोल्ड्स एका दिवसात, भाड्याच्या गाडीने: काय घ्यावं, काय सोडावं

लंडनला मुलाकडे-मुलीकडे आलेल्या मंडळींना इंग्लंडचं खेडं बघायचं असतं, आणि बहुतेकदा त्यांना कॉट्सवोल्ड्सच्या, म्हणजे ऑक्सफर्डच्या पश्चिमेकडच्या टेकड्यांच्या मुलखाच्या, टूर बसमध्ये बसवून दिलं जातं. बस वाईट नाही, पण सगळ्या बसगाड्या त्याच तीन-चार गावांत सकाळी अकरा ते दुपारी चारच्या दरम्यान येऊन धडकतात. स्वतः गाडी चालवली तर ही गर्दी व्हायच्या आधी किंवा ती ओसरल्यावर पोहोचता येतं. तेवढ्या एका गोष्टीसाठी भाड्याच्या गाडीला पाचपैकी चार गुण. एक कापला आहे तो गाडी देणाऱ्यांच्या वेळा आणि अटींसाठी.

गाडी लंडनमध्ये घेऊ नये. शहराबाहेर पडेपर्यंत सकाळ संपते, वर मध्यवस्तीतून गेलात तर कन्जेशन चार्ज, म्हणजे तिथे गाडी आणल्याचं शुल्क. पॅडिंग्टनहून ट्रेनने तासाभरात ऑक्सफर्डला यावं आणि गाडी तिथे घ्यावी. भाडं 24 तासांच्या हिशेबाने लागतं, मात्र शहरातले काउंटर सकाळी आठच्या सुमारास उघडतात आणि संध्याकाळी सहाच्या आसपास बंद होतात. शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी तर बऱ्याच शाखांना कुलूपच. म्हणून आदल्या संध्याकाळी घेऊन फिरण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी परत करावी. दोन दिवसांचं भाडं पडतं, पण दिवस अख्खा हाती लागतो.

भारतीय लायसन्स इंग्लंडमध्ये आल्यापासून 12 महिने चालतं. तरीही काही कंपन्या आंतरराष्ट्रीय परवाना मागतात, तो निघण्याआधी आरटीओतून काढून ठेवावा. डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं. नवऱ्याचं कार्ड आणि बायको चालवणार, असं चालत नाही. विम्यात खरी मेख असते ती 'एक्सेस'ची. नुकसान झालं तर ठरावीक रकमेपर्यंतचा भुर्दंड आपल्यावर, आणि ही रक्कम हजार पौंडांच्या घरातही असते. टायर, काच आणि गाडीचा खालचा भाग बऱ्याचदा विम्यात नसतोच, आणि अरुंद रस्त्यांवर नेमकं तेच खराब होतं. एक्सेसचा वेगळा विमा आधी ऑनलाइन घेतला तर काउंटरपेक्षा बराच स्वस्त पडतो. ताब्यात घेताना चारही चाकांच्या रिम आणि दोन्ही आरशांचा व्हिडिओ काढून ठेवा.

चौघे असलात तरी लहान हॅचबॅकच घ्या. फुकट मोठी गाडी देऊ केली तरी नको म्हणा, कारण पुढच्या रस्त्यांवर प्रत्येक इंच मोलाचा आहे.

ऑक्सफर्डच्या मध्यवस्तीत काही रस्त्यांवर गाड्यांना मनाई किंवा शुल्क आहे आणि कॅमेरे आहेत, तेव्हा थेट रिंग रोड धरावा. ए40 रस्त्याने बर्फर्ड साधारण 32 किलोमीटर, तिथून बी4425 ने बिबरी आणखी 16. बिबरी नऊच्या आत उरकायचं. रस्त्याकडेला पार्किंग मोजकं, आणि साडेदहानंतर ते मिळत नाही. तिथली आर्लिंग्टन रो ही घरांची ओळ मुळात 1380 च्या सुमारास मठाचं लोकरीचं कोठार म्हणून बांधलेली. सतराव्या शतकात त्यात विणकरांची घरं झाली. फोटो सगळेच काढतात, तुम्ही छप्पर नीट बघा. दगडी चकत्या खाली वळचणीला मोठ्या, आणि वर आढ्याकडे जाताना ओळीगणिक लहान होत जातात. इथल्या भिंतींचा चुनखडक जवळून पाहिला की त्यात गोल बारीक दाणे दिसतात, अगदी गाबोळीसारखे. या खडकाच्या इंग्रजी नावाचा अर्थही 'अंड्यांचा दगड' असाच आहे. शेतांच्या कडेचे बांध म्हणजे आपल्या कोकणातले गडगेच, चुना-मातीशिवाय रचलेले. फक्त वरचे दगड उभे लावलेले असतात.

इथून पुढे नॉर्थलीच. टूर बसगाड्या इथे सहसा थांबत नाहीत, आणि आमच्या मते सगळ्या दिवसातला हाच सर्वोत्तम थांबा आहे. हा मुलूख मध्ययुगात लोकरीवर श्रीमंत झाला, आणि ते इथल्या चर्चच्या जमिनीवर लिहिलेलं आहे. व्यापाऱ्यांच्या थडग्यांवर पितळी पत्र्यात त्यांच्या आकृत्या कोरल्या आहेत. त्यांच्या पायाशी बघा, एकाचा पाय मेंढीवर, दुसरा लोकरीच्या गाठोड्यावर. पाऊण तास सहज जातो.

नॉर्थलीचहून ए429, म्हणजे रोमनांनी बांधलेला फॉस वे हा रस्ता, सरळ बॉर्टन-ऑन-द-वॉटरला नेतो. विंडरश नदीवरचे बुटके पूल छान आहेत, पण दुपारी काठाला उभं राहायला जागा नसते. बॉर्टनचा उपयोग गाडी ठेवण्यापुरता करावा. पैसे भरायच्या पार्किंगमध्ये गाडी लावून पायी लोअर स्लॉटरला जावं (सुमारे दोन किलोमीटर), आणि तिथून दीडेक किलोमीटरवर अप्पर स्लॉटर. नावाचा कत्तलीशी संबंध नाही, जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ चिखलाची जागा. अप्पर स्लॉटरमधून दोन्ही महायुद्धांना गेलेली सगळी माणसं जिवंत परत आली. अशी गावं साऱ्या इंग्लंडात मोजकीच. तिथे रस्ता ओढ्यातून जातो, पायी न जाता गाडीने गेलात तर भाड्याची गाडी त्यात घालू नका.

पार्किंगच्या यंत्रात गाडीचा नंबर अचूक टाका. एक अक्षर चुकलं तरी दंड येऊ शकतो, आणि गाडीवाली कंपनी त्यावर स्वतःचं शुल्क लावते.

जेवण पबमध्ये बारा ते दोनच्या दरम्यान उरकावं, अडीचनंतर बरीच स्वयंपाकघरं बंद होतात. शाकाहारी माणसाला चीज किंवा बीन्स घातलेला भाजलेला बटाटा हमखास मिळतो. सूप मात्र विचारूनच घ्यावं, त्यात कोंबडीचा अर्क असू शकतो.

आता रस्त्याबद्दल. डावीकडून चालवायचं असतं, म्हणून आपले लोक निर्धास्त होतात, आणि तिथेच फसतात. समोरच्याने हेडलाइट मारला तर आपल्याकडे त्याचा अर्थ 'थांब, मी येतोय'. इथे बहुतेकदा 'ये, तुला वाट दिली'. राउंडअबाउटवर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. पांढऱ्या वर्तुळात काळी तिरपी रेघ म्हणजे मधे दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ताशी 60 मैल, म्हणजे सुमारे 97 किलोमीटर, पण ही कमाल मर्यादा आहे. उंच कुंपणांच्या वळणावर 25-30 मैलच योग्य. एकच गाडी मावेल अशा रस्त्यावर रुंद केलेली जागा डावीकडे असेल तर तिच्यात शिरा, उजवीकडे असेल तर तिच्या समोर थांबा. घोडा दिसला की ताशी 10 मैलांच्या वर जायचं नाही आणि किमान दोन मीटर अंतर ठेवायचं. हॉर्न नाही.

नॅव्हिगेशन जवळची वाट म्हणून असल्याच गल्ल्यांत घालतं, त्यामुळे ए आणि बी क्रमांकाच्या रस्त्यांवर राहा. दऱ्यांत मोबाइलला रेंज जाते, नकाशा आधीच उतरवून ठेवा.

बॉर्टनहून पुढे स्टो-ऑन-द-वोल्डला चर्चच्या उत्तर दाराला बिलगलेली दोन यू (सदाहरित) झाडं बघायला पंधरा मिनिटं पुरेत. चिपिंग कॅम्पडनला 1627 चा बाजारमंडप आहे, त्याची पायांनी झिजलेली दगडी जमीन पाहावी. मग 312 मीटर उंचीवरचा ब्रॉडवे टॉवर. जूनमध्ये साडेनऊच्या आसपास सूर्य मावळतो, तेव्हा शेवटचा थांबा हाच ठेवावा. डिसेंबरमध्ये चारलाच अंधार पडतो, म्हणून स्टोहूनच परत फिरावं.

टॉवरहून ए44 ने ऑक्सफर्ड 60 किलोमीटरच्या आत. पूर्ण फेरी 160 च्या घरात, लहान गाडीला दहाएक लिटर पेट्रोल. टाकी भरूनच परत द्यायची असते. हिरवा नोझल पेट्रोलचा, काळा डिझेलचा. चुकीचं इंधन भरलं तर विमा सहसा हात वर करतो, तेव्हा झाकणाच्या आतलं लेबल वाचूनच नोझल उचला आणि पावती गाडी परत देईपर्यंत जपून ठेवा.