रक्त पातळ करायची गोळी: जुनी की नवी?

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दर चौकोनात पेन्सिलीने लिहिलेलं असायचं: अर्धी, एक, अर्धी, एक. आईच्या ॲसिट्रॉमचा, म्हणजे रक्त पातळ करायच्या जुन्या गोळीचा, हिशोब. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोके अनियमित, हृदयात गुठळी होऊन ती मेंदूत जायची भीती. तीन वर्षं ती गोळी चालली, मग नवी आली, ॲपिक्साबॅन (रिव्हारॉक्साबॅन आणि डाबिगाट्रान याही नव्यातल्याच). ‘दोन्हीतलं काय ते तुम्हीच ठरवा’ असं डॉक्टरांनी ज्यांना सांगितलंय, त्यांच्यासाठी हे.

काहींना मात्र निवड नाहीच. हृदयात धातूचा कृत्रिम व्हॉल्व्ह (झडप) असेल किंवा मायट्रल व्हॉल्व्ह बराच आकसलेला असेल, तर जुनीच. २०२२ च्या इन्व्हिक्टस चाचणीत रुमॅटिक हृदयविकाराच्या (संधिवाताच्या तापाने झडपा खराब होतात तो) साडेचार हजारांवर रुग्णांमध्ये रिव्हारॉक्साबॅनपेक्षा जुन्या गटातल्या औषधावर मृत्यू कमी झाले. आपल्याकडे असे रुग्ण पुष्कळ. ‘शेजारच्या काकांना नवी दिली, मला का नाही?’ याचं उत्तर बहुधा टू-डी एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, असतं.

जुनीची स्ट्रिप स्वस्त, पण पीटी-आयएनआरचे (रक्त किती वेळात गोठतं ते पाहायच्या तपासणीचे) हेलपाटे महाग. आकडा २ ते ३ मध्ये बसला तर सुटलो, नाहीतर डोस बदला आणि थोड्या दिवसांनी पुन्हा सुई. गावात लॅब नसेल तर अख्खा दिवस जातो, सोबतीला घरातला एक माणूसही. त्यात आईच्या चिठ्ठीवर कुणीतरी ‘हिरव्या भाज्या बंद’ लिहून ठेवलेलं. भाज्या सोडायच्या नसतात, प्रमाण साधारण सारखं ठेवायचं असतं, हे दुसऱ्या डॉक्टरांनी सांगेपर्यंत दोन श्रावण अळूच्या फदफद्याविना गेले. ते तिने अजून माफ केलेले नाहीत.

नवीत ही कटकट नाही. आयएनआर नाही, भाजीचं बंधन नाही. २०११ च्या ॲरिस्टॉटल चाचणीत १८,२०१ रुग्ण होते. ॲसिट्रॉमच्याच गटातल्या वॉरफरिनपेक्षा ॲपिक्साबॅनवर मोठा रक्तस्राव ३१ टक्क्यांनी कमी झाला, पक्षाघातही कमी. पेटंट संपल्यावर किमती उतरल्या, तरी ॲसिट्रॉमइतक्या नाहीत. रिव्हारॉक्साबॅन २० ची गोळी जेवणासोबतच घ्यायची, नाहीतर नीट अंगी लागत नाही. महिन्याच्या दोन्ही एकादश्या करणाऱ्यांनी हे आधीच बोलून घ्यावं. डाबिगाट्रानने काहींना जळजळ होते. ॲपिक्साबॅन पोट रिकामं असलं तरी चालते, पण दिवसातून दोनदा.

आणि डोस विचारा. आईला आधी ॲपिक्साबॅन अडीच मिलीग्रॅमची लिहून दिली होती, ‘वजन कमी आहे’ म्हणून. वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) १.५ किंवा जास्त, या तिन्हींतल्या दोन गोष्टी असतील तर अडीच. आईचं वजन ५४, पण वय ७६ आणि क्रिएटिनिन ०.९. पुन्हा विचारल्यावर पाचची झाली.

समाधानाचं म्हणाल तर गंमतच झाली. नवी सुरू झाल्यावर दोन महिने आईला चैन नव्हती. ‘बरोबर चाललंय हे कळणार कसं?’ आकडा गेला, आणि महिन्याला रक्त न्यायला येऊन चहा पिणारा लॅबचा मुलगाही गेला. खरा धोका यातच आहे: कुणी तपासत नाही, आणि चुकवलेल्या गोळीचा असर दिवसभरात ओसरतो. शिवाय धडधड यातल्या कुठल्याच गोळीने थांबत नाही, तिची औषधं वेगळी. ‘काही फरकच वाटत नाही’ म्हणून गोळी सोडणारे मी पाहिलेत.

माझं मत: नव्याने सुरू करायची असेल आणि व्हॉल्व्हची अडचण नसेल, तर नवी. पण पंचाहत्तरीपुढचे, थकलेले आजोबा वर्षानुवर्षं जुनीवर छान स्थिर असतील, तर केवळ सोय म्हणून बदलू नका. नेदरलँड्सच्या फ्रेल-एएफ चाचणीत अशा रुग्णांची गोळी बदलल्यावर रक्तस्राव वाढला. नवी घेतलीत तर वर्षातून एकदा तरी किडनीची तपासणी करा, वय जास्त असेल तर सहा महिन्यांनी. आमच्या कालनिर्णयवर आता तेवढीच तारीख लिहिलेली असते.